घरी बांधायची शर्यती कॅटामरान: होबी १६ ला फळी का नाही, आणि आम्ही लावावी का?

गडग्याआडचा

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे. निवृत्तीनंतर मी आणि माझ्या आतेभावाने मिळून दोन माणसांची एक लहान शिडाची कॅटामरान, म्हणजे दोन अरुंद पोकळ सांगाडे (हल) शेजारी-शेजारी जोडलेली बोट, स्वतःच्या हाताने बांधायचे ठरवले आहे. हेतू मासेमारीचा नाही आणि पर्यटकांना फिरवण्याचाही नाही. दुपारचे खारे वारे सुटले की दोन तास वेगाने जाऊन यावे, आणि पुढेमागे पंचक्रोशीत आणखी कोणी अशी बोट बांधली तर तिच्याशी शर्यत लावावी, एवढीच हौस आहे.

नमुना म्हणून आम्ही होबी १६ या अमेरिकन कॅटामरानचा अभ्यास करत आहोत, कारण तिची मापे सहज मिळतात: लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन १४५ किलो आणि दोन शिडे मिळून सुमारे २० चौरस मीटर कापड. आराखडा पाहताना एक गोष्ट मात्र आमच्या गळी उतरत नाही. वाऱ्याच्या दिशेने तिरके चढत जाणारी बोट आडवी घसरू नये म्हणून तिला पाण्याखाली काहीतरी आधार लागतो. बहुतेक शर्यती कॅटामरानांना त्यासाठी प्रत्येक हलमधून खाली सरकवायची डॅगरबोर्डची फळी असते. होबी १६ ला ती फळीच नाही. तिचे दोन्ही हल बाहेरून जवळजवळ सपाट, आतून फुगीर, आणि बाजूने पाहिले तर केळ्यासारखे वाकलेले आहेत. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, की खर्च वाचवण्याची युक्ती? आणि आज नव्याने बांधायला घेतली तर फळी लावावी की न लावावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मीनल_सॅनदिएगो

ही बोट जिथे जन्मली त्या किनाऱ्यापासून मी तासाभराच्या अंतरावर राहते आणि गेली नऊ वर्षे होबी १६ चालवते, त्यामुळे माझे मत एकतर्फी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ही बोट काढणारे होबी ऑल्टर हे मुळात नौकाशिल्पी नव्हते. दक्षिण कॅलिफोर्नियात लाटांवर घसरायचे सर्फबोर्ड घडवण्याचा त्यांचा व्यवसाय होता, आणि जड लाकडाऐवजी पॉलियुरेथेन फोमचे हलके बोर्ड घडवून त्यांनी नाव कमावले होते. त्यांनी आधी १४ फुटी बोट १९६८ मध्ये बाजारात आणली, आणि त्यानंतर दोनेक वर्षांत फिल एडवर्ड्स या दुसऱ्या नावाजलेल्या सर्फरच्या साथीने १६ फुटी बोट सिद्ध केली. म्हणजे ज्या दोघांनी हिचे हल घडवले त्यांचे उभे आयुष्य फुटत्या लाटांमध्ये गेले होते. त्यांच्यासमोरचा प्रश्न सर्वांत वेगवान बोट कोणती, हा नव्हताच. धक्का नाही, जेट्टी नाही, क्रेन नाही, अशा उघड्या पुळणीवरून दोन माणसांनी बोट लाटेत ढकलावी आणि परत येताना वेग कमी न करता तिला सरळ वाळूवर चढवावी, हे कसे साधेल, असा तो प्रश्न होता. फळी असलेल्या बोटीत नेमके किनाऱ्याजवळ, जेव्हा हात सर्वांत गुंतलेले असतात तेव्हा, फळी वर ओढायची आठवण ठेवावी लागते. ती विसरली तर वाळूचा दणका फळीला बसतो आणि फळीच्या खाचेतून हल चिरतो. होबीची सुकाणूसुद्धा वाळूला टेकताच आपोआप कड्‌कन वर उडतात.

पुळणीवरची दोन माणसे डोळ्यांसमोर ठेवली की उरलेली बोट आपोआप उलगडते. ट्रॅम्पोलिनची, म्हणजे दोन हलांमधल्या ताणलेल्या कापडी बैठकीची, चौकट हलांवर थेट न बसवता चार खांबांवर उचलून धरलेली आहे, कारण समोरून फुटलेली लाट तिच्याखालून निघून जावी. हल केळ्यासारखे वाकलेले आहेत, कारण पुढचे टोक लाटेवर चढले पाहिजे आणि वाळूवर बोट मध्यावर गरकन फिरवता आली पाहिजे. रुंदी ७ फूट ११ इंच आहे, कारण त्या काळी आमच्याकडच्या रस्त्यांवर ८ फुटांपेक्षा रुंद गाडी विशेष परवान्याशिवाय नेता येत नसे. हा शेवटचा इंच समुद्राने ठरवलेला नाही, तो वाहतूक खात्याने ठरवलेला आहे.

तिसरा_मजला

वाहतूक खात्याने केलेले जगातील एकमेव उत्तम डिझाइन म्हणून याची नोंद व्हावी.

निवृत्त_अभियंता

मीनलताईंनी ‘का’ सांगितले आहे, मी ‘कसे’ सांगतो.

वाकडा हल घसरण कशी थोपवतो, हे समजायला विमानाचा पंख आठवावा. पंखाची एक बाजू जास्त फुगीर असली की बल त्या बाजूकडे मिळते. होबीच्या हलची फुगीर बाजू आत आहे. वाऱ्याच्या जोराने बोट कलते, वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटतो आणि सगळा भार वाऱ्याआडच्या हलवर येतो. त्या हलची आतली, म्हणजे फुगीर बाजू आता वाऱ्याकडे असते. त्यामुळे पाणी त्या हलला वाऱ्याकडे ओढते आणि घसरण कमी होते. दिशा बदलली की दुसऱ्या हलची पाळी येते. मात्र दोन्ही हल पाण्यात असतील तेव्हा एक उजवीकडे ओढतो आणि दुसरा डावीकडे. ही ओढाताण निव्वळ वाया जाते, आणि म्हणूनच मंद वाऱ्यात ही बोट आळशी वाटते.

आता रुंदीचा हिशेब पाहू. आकडे ढोबळ आहेत. दोन हलांच्या मध्यरेषांत २.१ मीटर अंतर धरले, तर बोटीचे १४५ किलो वजन वाऱ्याआडच्या हलपासून १.०५ मीटरवर काम करते, म्हणजे सुमारे १५२ किलो-मीटर (वजन गुणिले अंतर; बोटीला उलटू न देणारी ताकद). १४० किलोंची जोडगोळी वाऱ्याकडच्या हलवर नुसती बसली तर तिचे २९४, पण ट्रॅपीझच्या (डोलकाठीवरून खाली येणाऱ्या) तारेला लटकून बाहेर झुकली आणि अंतर ३.२ मीटर झाले तर ४४८. एकूण झाले ६००. शिडांवरच्या वाऱ्याचा जोर पाण्यापासून सुमारे ४ मीटर उंचीवर एकवटतो असे मानले, तर बोट उलटण्याआधी १५० किलोंचा आडवा रेटा पेलू शकते. लटकले नाही तर हाच आकडा १११ वर येतो. तात्पर्य, बोटीपेक्षा माणसांचे वजन आणि ते कुठे ठेवले आहे, यालाच या प्रकारात महत्त्व आहे, आणि याच कारणाने रुंदीचा प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा ठरतो.

वेगाचे दुसरे कारण हलचा अरुंदपणा आहे. साध्या रुंद बुडाच्या १६ फुटी होडीला साडेपाच नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ आडवा येतो आणि तिथे ती अडकते. सुरीच्या पात्यासारखा हल मोठी लाट उठवतच नाही, त्यामुळे होबीसारखी बोट चांगल्या वाऱ्यात १५ नॉटच्या पुढे सहज जाते.

शब्दकोडे

विषय निघालाच आहे म्हणून एक लहानशी भर घालतो. ‘कॅटामरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’ यावरून आला आहे. कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे मूळ कट्टुमरम दोन हलांचे नसून ओंडके एकमेकांना बांधून केलेला तराफा असते. जोडबोटीची कल्पना पॅसिफिक बेटांवरची आहे. म्हणजे इंग्रजांनी नाव एका समुद्रावरून उचलले आणि बोट दुसऱ्या समुद्रावरून.

वेंगुर्लेकर

आमच्याकडे यातली निम्मी बोट आजही दिसते, तिला उलांडीची होडी म्हणतात. एका अंगाला दोन वाकड्या काठ्या आणि त्यांच्या टोकाला पाण्यावर टेकलेला ओंडका, अशी ती रचना असते. वडील सांगत असत की उलांडीमुळे अरुंद होडी उलटत नाही आणि अरुंद असल्यामुळे ती वल्ह्याला हलकी लागते. वरच्या सगळ्या आकडेमोडीचा अर्थ मला तरी एवढाच लागला.

मूळ प्रश्नाबद्दल माझे मत फळीच्या विरोधात आहे. आपल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, तो दर पावसाळ्यात जागा बदलतो आणि भांगाच्या भरतीत त्याच्यावर कमरेएवढेही पाणी नसते. त्यातून खडकांवर कालवे असतात, आणि त्यांची धार ज्याने तळपायावर घेतली आहे त्याला फळीचे काय होईल हे वेगळे सांगायला नको.

डचपांडे

सगळ्यांचे एकमत होत आलेले दिसते, म्हणून विरोधी बाकावर मी बसतो. मी नेदरलँड्समधल्या स्खेवेनिंगनच्या किनाऱ्यावर फॉर्म्युला १८ वर्गाची, म्हणजे अठरा फुटी शर्यती कॅटामरान चालवतो. इथला उत्तर समुद्रही उघड्या पुळणीचाच आहे, लाटा कॅलिफोर्नियापेक्षा आखूड आणि चिडक्या आहेत, आणि तरीही आमच्या बोटींना डॅगरबोर्ड आहेत. खोल आणि अरुंद फळी त्याच पाण्यातून कितीतरी कमी अडथळ्यात कितीतरी जास्त बल काढते. पन्नास वर्षांपूर्वीच्या वाकड्या हलला वाऱ्याच्या दिशेने चढताना तिच्याशी बरोबरी करता येत नाही. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये रॉडनी मार्च यांनी टॉर्नेडो काढली तेव्हाही तिला फळ्या होत्या, आणि ती १९७६ पासून २००८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये राहिली. होबी १६ एक लाखाहून जास्त विकली गेली हे मान्य आहे, पण ऑलिंपिकमध्ये ती कधीच गेली नाही.

दुसरा आक्षेप नाकाचा आहे. होबीच्या हलचे पुढचे टोक इतके बारीक आहे की मागून जोराचा वारा आला की वाऱ्याआडचे नाक पाण्यात घुसते, बोट जागीच थांबते आणि मागचा भाग माणसांसकट डोलकाठीवरून पुढे कोलांटी घेतो. याला पिचपोल म्हणतात. आजच्या बोटींची नाके उंच आणि जास्त पोटाची असतात, ती बुडायच्या ऐवजी वर उचलली जातात. माझे म्हणणे असे की होबी हा इतिहास म्हणून जरूर वाचावा, पण नकाशा म्हणून वापरू नये.

मीनल_सॅनदिएगो

डचपांडे, पिचपोलबद्दल वाद घालणार नाही, कारण पहिल्याच वर्षी मी तारेला लटकलेली असताना आमच्या बोटीने कोलांटी घेतली आणि मी अर्धवर्तुळात हवेतून फिरून पुढच्या तारेवर आदळले. डाव्या दंडावरचा वळ तीन आठवडे होता. पण बोटीच्या रचनेतच त्याला उतारे आहेत. आम्ही डोलकाठी इतकी मागे कलती ठेवतो की मोठे शीड पूर्ण ताणले की दोरीच्या वरच्या आणि खालच्या कप्प्या एकमेकींना चिकटतात. त्यामुळे शिडांचा जोर मागे सरकतो आणि नाकावरचा भार कमी होतो. त्याचा दोष म्हणजे बोट सतत वाऱ्याकडे वळू पाहते आणि सुकाणू हाताला जड लागते. त्यावर उपाय म्हणून सुकाणूची पाती खालून थोडी पुढे झुकवून बसवतात. तो कोन बसवताना मी आणि माझ्या नवऱ्याने एक अख्खा रविवार आणि बरेचसे सौजन्य खर्च केले आहे.

टॅक करताना, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे नेऊन दिशा बदलताना, मात्र ही बोट खरोखर हट्टी आहे. हलकी असल्यामुळे तिच्यात साठवलेला वेग नसतो, आणि दोन लांब हल पाण्यात रेल्वेच्या रुळांसारखे वागतात. सवय नसेल तर नाक वाऱ्यात जाते आणि बोट तिथेच उभी राहून मागे जाऊ लागते. अशा वेळी पुढचे शीड क्षणभर उलट्या बाजूला धरून ठेवायचे आणि मोठे शीड सैल सोडायचे, मग नाक हळूच पलीकडे पडते.

निवृत्त_अभियंता

डचपांडे साहेबांचा फळीविषयीचा मुद्दा जलगतिकीच्या दृष्टीने निर्विवाद आहे. पण फळी ही एकटी येत नाही. ती हलच्या आत पेटीसारख्या खाचेत बसते, त्या खाचेच्या वरच्या आणि खालच्या कडांवर आडवा भार येतो, तिथे मजबुती वाढवावी लागते आणि नेमके तिथेच घरगुती बांधकाम गळते. शिवाय फॉर्म्युला १८ चे नियमातले वजन १८० किलो आहे आणि रुंदी २.६० मीटर. वाळूवरून ओढताना हे ३५ किलो कोण उचलणार, याचा विचार प्रश्नकर्त्यांनी अवश्य करावा.

मधला मार्गही आहे. त्याच रॉडनी मार्च यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर डार्ट १८ काढली. तिचे हल सरळ, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखे आहेत, फळी नाही, आणि हलच्या बुडालाच ओतलेली ठेंगणी पट्टी आहे, तिला स्केग म्हणतात. लांबी साडेपाच मीटर, रुंदी सुमारे २.३ मीटर, आणि मोठ्या शिडाखालचे बूमही (आडवी काठी) काढून टाकलेले, म्हणजे डोक्यावर आपटायला काही उरलेच नाही. पुळणीवर टेकताना स्केग वाळूत घसपटते, पण तुटत नाही. ज्या माणसाने टॉर्नेडोला फळ्या दिल्या त्यानेच पुळणीवरच्या बोटीसाठी त्या काढल्या, हे मला फार बोलके वाटते.

तिसरा_मजला

काका, डोक्यावर बूम आपटण्याची सोय नाही, तर मग नवरा-बायकोने एकत्र शीड हाकण्यात गंमत ती काय राहिली?

स्नेहल_पर्थ

धागा वाचून राहवले नाही. वेगाची शर्यत पुढे कुठे गेली तेही लक्षात घ्यावे. सध्या ऑलिंपिकला नाक्रा १७ ही कॅटामरान आहे, तिच्यावर एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी असते. २०१६ च्या रिओ स्पर्धेनंतर तिला पाण्याखाली असे पंख बसवले की अख्खी बोट पाण्याच्या वर उचलली जाते. २०२३ मध्ये हांगचौला झालेल्या आशियाई स्पर्धेतही हीच बोट होती, तर २०१० आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धांत होबी १६ होती. आमच्या क्लबात दोन्ही आहेत. नाक्रा पाण्यात उतरवायला आम्हाला पाऊण तास लागतो आणि ती शांत उथळ पाण्यात चालत नाही. होबी वीस मिनिटांत तयार होते आणि कोणीही शिकाऊ तिला वाळूवर आपटले तरी ती रागावत नाही. बोट किती वेगवान आहे यापेक्षा ती वर्षातून किती दिवस पाण्यात उतरते, हे मी आता जास्त मोजते.

खाडीकर

एक अनुभव सांगतो, तो डिझाइनविषयीच आहे. मुंबईजवळच्या एका क्लबात (नाव लिहीत नाही) मी आणि मित्र भाड्याची कॅटामरान घेऊन निघालो. पहिला अर्धा तास उत्तम गेला. नंतर उजवा हल जड वाटू लागला. आम्ही समजलो की वारा वाढला आहे, म्हणून दोघेही डावीकडे सरकलो. आणखी दहा मिनिटांनी उजव्या हलचे मागचे टोक पाण्याच्या पातळीला टेकले आणि बोट एका जागी गोल फिरू लागली. शेवटी मच्छीमारांच्या होडीने ओढत आणले. किनाऱ्यावर लक्षात आले की हलच्या मागच्या बाजूला पाणी काढायचे जे भोक असते त्याचे बूच लावलेलेच नव्हते. बूच दोरीला बांधून सुकाणूच्या दांड्याला लटकत होते, म्हणजे आमच्या डोळ्यांसमोरच होते. क्लबाच्या माणसाने आम्हाला विचारले, “तुम्ही बघितलं नाही?” आम्ही त्याला तेच विचारणार होतो.

प्रश्नकर्त्यांना विनंती, हलच्या आत निदान दोन आडव्या भिंती घालून वेगवेगळे कप्पे करावेत, किंवा रिकाम्या जागेत फोमचे ठोकळे भरावेत, म्हणजे बूच विसरले तरी हल बुडणार नाही. बूच विसरले जाणारच, हे गृहीत धरून बांधा.

वेंगुर्लेकर

आणखी एक धोका कोणीच लिहिला नाही. डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि आठ मीटर उंच. आमच्या वाडीत पुळणीकडे जाणाऱ्या पाणंदीवर विजेच्या तारा माडांमधून लोंबकळत गेलेल्या आहेत. डोलकाठी उभी करून बोट ढकलत नेली तर काय होईल, याचा विचार करूनच अंगावर काटा येतो.

मीनल_सॅनदिएगो

वेंगुर्लेकर, हा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि होबीच्या इतिहासात तो फार महाग पडलेला आहे. डोलकाठी तारांना लागून माणसे दगावली, त्यानंतर १९८० च्या दशकात डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या तंतूमिश्र साहित्याचा करण्यात आला. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. घरी बांधणाऱ्याने डोलकाठी पुळणीवर, पाण्याजवळ, मान वर करून तारा पाहिल्यानंतरच उभी करावी.

तुमच्या उथळ पाण्यासाठी आणखी एक सूचना आहे. बोट उलटली की आधी ती आडवी तरंगते, आणि वेळेत सावरली नाही तर डोलकाठी खाली जाऊन पूर्ण पालथी होते. तुमच्याकडे पाच मीटर पाण्यात ती काठी थेट चिखलात रुतेल. म्हणून डोलकाठी दोन्ही टोकांना हवाबंद करा. शिवाय, १६ फुटी बोट सावरायला दोघांचे मिळून चांगलेच वजन लागते. एकट्या हलक्या माणसाला ती उठत नाही. बंदरात बसून हा प्रयोग आधी करा.

डचपांडे

अभियंता काकांच्या डार्टविषयीच्या मुद्द्याने मी थोडा नरमलो आहे, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. पण प्लायवूडने बांधणार असाल तर वाकड्या हलचा नाद सोडावा, या मतावर मी ठाम आहे. होबीचा हल साच्यातून फायबरग्लास आणि फोमचा काढतात, तिथे एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर करणे सोपे आहे. प्लायवूडच्या दोन सारख्या पट्ट्या खालच्या कडेला तारेने शिवून वरून उघडल्या की सरळ, सममित हल आपोआप आकार घेतो. जुन्या टॉर्नेडो अशाच वाकवलेल्या प्लायच्या बांधत. साहित्यच तुम्हाला सांगते आहे की दोन्ही बाजू सारख्या ठेवा.

निवृत्त_अभियंता

याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. फक्त वजनाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. दोन्ही हलांचे कवच आणि वरचे झाकण मिळून साधारण १५ चौरस मीटर प्लाय लागेल. आपल्याकडचा ७१० क्रमांकाच्या मानकाचा मरीन प्लाय जड लाकडाचा असतो. घनता ७०० धरली तर ६ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे ४.२ किलो, म्हणजे ६३ किलो नुसत्या प्लायचेच झाले. ४ मिलिमीटर घेतला तर ४२. त्यावर इपॉक्सी, काच-कापड, आतल्या भिंती, आडवे दोन नळ, डोलकाठी, दोऱ्या. ६ मिलिमीटर घेऊन १४५ किलोंत बसवणे मला कठीण दिसते.

आणि दोन हल जोडणारे आडवे नळ जिथे बसतात ते चार सांधे अजिबात हलता कामा नयेत. कसोटी सोपी आहे. बोट वाळूवर ठेवून एका हलचे नाक उचलावे. दुसऱ्या हलचे नाक जवळजवळ लगेच वर येऊ लागले तर चौकट ताठ आहे. पहिले नाक वीतभर उचलूनही दुसरे झोपलेलेच असेल, तर शर्यतीचे नाव काढू नये.

शब्दकोडे

शर्यतीचे नाव काढलेच आहे तर, नाथानिएल हेरशॉफ या अमेरिकन नौकाशिल्पींनी १८७६ मध्ये न्यूयॉर्कच्या शर्यतीत ‘अमॅरिलिस’ नावाची कॅटामरान उतरवली आणि एकहलीच्या बोटींना सपशेल हरवले. त्यावर बाकीच्यांनी आक्षेप घेऊन तिला आपल्या वर्गातून बाहेर काढले. तेव्हा प्रश्नकर्त्यांनी पंचक्रोशीत शर्यत लावण्याआधी नियम लिहून घ्यावेत.

गडग्याआडचा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात आम्ही एक प्रयोग केला.

अभियंता काकांनी ‘३५ किलो कोण उचलणार’ असे लिहिले, ते डोक्यातून जाईना. म्हणून जुन्या दोन स्कूटरींच्या चाकांची एक गाडी केली, तिच्यावर पोत्यांत वाळू भरून आधी १४५ आणि मग १८० किलो वजन ठेवले, आणि अमावास्येच्या उधाणाच्या दिवशी पूर्ण ओहोटी असताना, पाणी सर्वांत लांब गेलेले असताना, पाण्याच्या कडेपासून सुरूच्या बनापर्यंत ती ओढली. अंतर २६० पावले भरले. ओल्या घट्ट वाळूवर दोन्ही वजने सारखीच वाटली. शेवटची साठ पावले कोरड्या भुसभुशीत वाळूची होती. तिथे १४५ ला आम्ही एकदा थांबलो. १८० ला चार वेळा थांबलो, आणि चौथ्यांदा आतेभाऊ गाडीवरच बसला व म्हणाला की आता पोती इथेच राहू देत. तो ६३ वर्षांचा आहे, मी ६१. स्कूटरीची चाके बारीक असल्यामुळे रुतत होती, हे खरे, आणि त्या जागी फुगीर रबरी चाके लावणार आहोत. पण हा प्रयोग वर्षातून साठ-सत्तर वेळा करायचा आहे, हेही तितकेच खरे.

मग घरची पाणंद मोजली. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणभिंती) आहेत आणि वळणावर सर्वांत अरुंद जागी मोकळी रुंदी २.५० मीटर भरली. २.६० ची बोट आमच्या अंगणातून बाहेरच पडणार नाही. मीनलताईंच्या कॅलिफोर्नियात जे वाहतूक खात्याने केले ते आमच्याकडे आजोबांनी १९५० च्या सुमारास गडगा घालून केलेले आहे. वेंगुर्लेकरांनी लिहिल्यावर वर मान करून पाहिले, तर त्याच वळणावर तारही आहे.

तेव्हा ठरले ते असे: सरळ हल, ४ मिलिमीटर प्लाय, लांबी पाच मीटर, रुंदी २.३० मीटर, फळी नाही, खाली स्केग, बूम नाही. नाके डचपांडे म्हणतात तशी उंच आणि पोटाची. रुंदी कमी केल्याने अभियंता काकांच्या हिशेबातले जे किलो-मीटर गेले त्यांची भरपाई म्हणून शिडाचे कापड १७ चौरस मीटरच ठेवणार आहोत. पाऊस सुरू झाला की दमट हवेत इपॉक्सी नीट बसत नाही असे कळले, म्हणून चिकटवण्याचे सगळे काम गणपतीनंतरच सुरू करू.

डचपांडे

स्केगमुळे वाऱ्याकडे चढताना पाच-सात अंश गमवाल, हे लिहून ठेवा. गडग्याशी मात्र माझा वाद नाही.

निवृत्त_अभियंता

स्केगची खालची कड झिजणार. तिच्यावर पितळी किंवा जाड प्लास्टिकची बदलता येणारी पट्टी स्क्रूने बसवा, आणि स्क्रूची भोके आधी इपॉक्सीने भरून मग पुन्हा पाडा, म्हणजे प्लायमध्ये पाणी शिरणार नाही.

खाडीकर

बाकी सगळे ठरले, बुचांचे काय केले?

गडग्याआडचा

दोन हलांची दोन, लाल रंगाची. तिसरे आतेभावाने किल्ल्यांच्या जुडग्याला लावून ठेवले आहे.